बोटांची बाराखडी : बगदादपासून जवळा बाजारपर्यंत

चौदाव्या शतकात सलाहुद्दीन खलील सफदी नावाचा एक अरबी चरित्रकार होऊन गेला. पॅलेस्टाईनमधल्या सफद गावचा, म्हणून सफदी. त्याने फक्त अंध व्यक्तींची चरित्रं सांगणारा एक आख्खा कोश लिहिला. आलिम, कवी, कारी, व्याकरणकार अशा शेकडो जणांची माहिती त्यात आहे. त्या काळात कुणाला असा ग्रंथ लिहावासा वाटला, हीच मला मोठी गोष्ट वाटते.

या कोशात जैनुद्दीन आमदी यांची नोंद आहे. आमदी हे बगदादमधले हंबली फिकहचे जाणकार. लहान वयातच दृष्टी गेलेली. पोटापाण्यासाठी ते पुस्तकांचा व्यापार करत. विकत घेतलेल्या पुस्तकाची किंमत लक्षात राहावी यासाठी त्यांनी एक युक्ती काढली होती. पातळ कागदाची बारीक वळकटी करायची, तिला अक्षराचा आकार द्यायचा आणि ती पुस्तकाच्या पुठ्ठ्याच्या आतल्या बाजूला चिकटवायची. वरून एक कागद डकवायचा, म्हणजे वळकटी निघत नाही. पुढे कधी किंमत आठवली नाही, की पुठ्ठा उघडून बोट फिरवायचं.

ही अक्षरं अब्जद हिशेबाची होती. अब्जद आपल्याकडे लहान पोरांनाही माहीत असतो. रिक्षावर, दुकानाच्या पाटीवर ७८६ लिहिलेलं असतं, ते याच हिशेबाने येतं. प्रत्येक अरबी अक्षराला एक संख्या ठरलेली. अलिफ म्हणजे १, बे म्हणजे २, काफ म्हणजे २०. आमदींची बोटं अक्षर ओळखत आणि अक्षरावरून आकडा कळे. सफदीची नोंद एवढीच आहे.

समाजमाध्यमांवर आपली काही उत्साही मंडळी आमदींना ‘ब्रेलचा खरा जनक’ ठरवून मोकळी होतात. ते बरोबर नाही. आमदींची खूण त्यांच्या दुकानापुरती होती. तिची शाळा निघाली नाही, तिच्यात कुणी पुस्तक लिहिलं नाही, दुसऱ्या अंध माणसापर्यंत ती पोचल्याची नोंद नाही. उलट विचारायला हवा तो प्रश्न असा, की इतका इल्म आणि इतके कुतुबखाने असलेल्या शहरात एका माणसाच्या बोटांना अक्षर सापडलं होतं, तर ते पुढे का गेलं नाही?

माझ्या मते याचं उत्तर आपल्या अभिमानातच आहे. अंध माणसाने कानाने शिकायचं आणि ध्यानात ठेवायचं, ही व्यवस्था इतकी चांगली चालत होती की बोटांची गरज कुणाला भासली नाही. मदिनेतले अब्दुल्लाह इब्न उम्मे मकतूम अंध होते. ते अजान देत. प्रेषित मुहंमद (स) मदिनेबाहेर जात तेव्हा काही वेळा शहर त्यांच्या हवाली करून गेले. शिकायला आलेल्या याच इब्न उम्मे मकतूम यांच्याकडे क्षणभर पाठ झाली, त्यावर कुरआनातली ८०वी सूरह, ‘अबस’, उतरली. पुढे अंध हाफिज आणि कारी यांची मोठी परंपराच उभी राहिली. इजिप्तचे ताहा हुसैन (१८८९–१९७३) त्याच परंपरेतून आले. लहानपणी दृष्टी गेलेली, गावच्या मकतबात कुरआन पाठ केलं, तिथून अल-अजहर, आणि १९५० साली देशाचे शिक्षणमंत्री. त्यांची आत्मकथा मात्र त्यांनी सांगितली आणि दुसऱ्याने लिहून घेतली.

हे फक्त मुसलमानांत होतं असं नाही. अमरावती जिल्ह्यातले गुलाबराव महाराज (१८८१–१९१५) तान्हेपणी अंध झाले. प्रज्ञाचक्षू म्हणून त्यांची ख्याती आहे. शंभराहून अधिक ग्रंथ त्यांच्या नावावर आहेत, तेही सगळे तोंडी सांगितलेले. स्मरणशक्तीला सलाम, पण लिहिणारा हात दुसऱ्याचाच.

आता जनगणनेचा नियम पाहा. आपल्याकडे साक्षर कोणाला म्हणायचं? ज्याला कोणत्याही एका भाषेत समजून वाचता आणि लिहिता येतं त्याला. अंध माणसाला ब्रेल वाचता येत असेल तर तो साक्षर धरावा, अशी स्पष्ट सूचना प्रगणकांना असते. म्हणजे ११४ सूरह मुखोद्गत असलेले, आख्खा रमजान तरावीह पढवणारे हाफिजसाब ब्रेल येत नसेल तर सरकारदप्तरी निरक्षर. ऐकायला उद्धट वाटतं. मलाही वाटलं होतं. पण थोडं थांबून विचार केला की कळतं, ज्याला स्वतःचं नाव वाचता येत नाही, आलेलं पत्र दुसऱ्याकडून वाचून घ्यावं लागतं, अंगठा कशावर उमटवतोय ते ठाऊक नसतं, त्याच्यासाठी ही व्याख्या नेमकी आहे.

छप्पनच्या दुष्काळातल्या शाळा

बोटांसाठी पुस्तक तयार करायची कल्पना युरोपात अठराव्या शतकाच्या शेवटी रुजली. व्हालांतीं आयुई याने १७८५ मध्ये पॅरिसला अंध मुलांची शाळा काढली आणि नेहमीचीच अक्षरं कागदावर फुगवून छापली. पुस्तकं अवजड, वाचन संथ, आणि लिहिणं जवळपास अशक्य. याच शाळेत १८१९ मध्ये लुई ब्रेल दाखल झाला. बापाच्या खोगिराच्या कारखान्यात हत्यार लागून तीन वर्षांचा असताना त्याचा डोळा गेला होता, मग दुसराही गेला. शार्ल बार्बिए या लष्करी माणसाने बारा ठिपक्यांची एक पद्धत काढली होती. ब्रेलने तिचे सहा ठिपके केले. तेव्हा तो पंधरा वर्षांचा होता. सहा ठिपके बोटाच्या एका पेराखाली मावतात. सगळं मर्म इथेच आहे. डोळसांच्या अक्षराची नक्कल करायची नाही, बोटाला झेपेल ते अक्षर करायचं. शाळेतल्या डोळस वरिष्ठांना हे अनेक वर्षं पटलं नाही. फ्रान्सने ही लिपी अधिकृत केली ती १८५४ मध्ये, ब्रेल वारल्यानंतर दोन वर्षांनी.

भारतात ती मिशनऱ्यांबरोबर आली. पहिली शाळा १८८७ साली अमृतसरला, ॲनी शार्प यांची. महाराष्ट्रात १९०० साली. ते साल आपल्या आजोबा-पणजोबांच्या बोलण्यात छप्पनचा दुष्काळ म्हणून यायचं, कारण विक्रम संवत १९५६ होतं. दुष्काळ पोट तर मारतोच, पण डोळेही मारतो. अन्नातून अ जीवनसत्त्व गेलं की लेकरांची बुबुळं आधी कोरडी पडतात, मग पांढरी होतात. त्यात देवीची साथ. त्याच वर्षी अमेरिकन मराठी मिशनच्या ॲना मिलार्ड यांनी मुंबईत अंधांसाठी शाळा सुरू केली. तीच पुढे दादरची अंधशाळा झाली. केडगावला पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनमध्येही दुष्काळातून आलेल्या अंध मुलींसाठी वेगळं सदन होतं, तिथे ब्रेल शिकवली जाई. १९०२ मध्ये ताडदेवची व्हिक्टोरिया मेमोरियल अंधशाळा निघाली.

आपला हिंगोलीचा भाग तेव्हा निजामाच्या राज्यात. मुंबई-पुण्याला जे सुरू झालं ते दुसऱ्या राजवटीत होतं, आणि जवळा बाजारच्या आंधळ्या लेकरापासून ते जितकं दूर होतं तितकं कदाचित पॅरिसही नसेल. पुढे १९३४ साली पुण्यात अंधशाळा निघाली, तोवरही आपल्याकडे राज्य हैदराबादचंच होतं.

या सगळ्या शाळांची एक मोठी अडचण होती. प्रत्येकाची ब्रेल वेगळी. कलकत्त्याला शाह ब्रेल, म्हैसूरला तिसरीच, मुंबईकडे नीळकंठराय यांची, मिशनऱ्यांची ओरिएंटल ब्रेल आणखी वेगळी. एका शाळेत शिकलेल्या पोराला दुसऱ्या शाळेचं पुस्तक वाचता येईना. हा गुंता सोडवायला १९४० नंतर समित्या बसल्या. त्यात न्यूझीलंडचे क्लुथा मॅकेन्झी पुढे होते. ते स्वतः अंध. १९१५ साली गॅलिपोलीच्या लढाईत तुर्कांशी लढताना त्यांची दृष्टी गेली होती. १९५१ साली युनेस्कोने बैरूतला परिषद भरवली. भारतापासून अरब देशांपर्यंतच्या लिप्यांचा विचार तिथे झाला आणि त्याच वर्षी आपल्याकडे भारती ब्रेल ठरली.

भारती ब्रेलचं तत्त्व साधं आहे. आवाज एक तर ठिपके एक. मराठीतला क, तमिळमधला क, बंगालीतला क आणि भारतातल्या उर्दू ब्रेलमधला काफ, सगळे बोटाखाली सारखेच लागतात. पाकिस्तानातली उर्दू ब्रेल फारसीच्या वळणाने गेली, आपली भारतीच्या. आणि ब्रेल कोणत्याही भाषेची असो, अरबी-उर्दूचीसुद्धा, वाचायची डावीकडून उजवीकडेच. गंमत पुढे आहे. ब्रेल पाटीवर टोचणीने लिहिताना ठिपका कागदाच्या मागच्या अंगाला उठतो. म्हणून लिहिताना उजवीकडून डावीकडे जायचं, आणि कागद उलटला की डावीकडून वाचायचं. म्हणजे लिहिणं उर्दूच्या बाजूने, वाचणं मराठीच्या. उर्दू की नागरी यावर आपण दीडशे वर्षं डोकी फोडली. तो वाद डोळ्यांचा होता, बोटांपर्यंत तो फारसा पोचलाच नाही.

आपल्या गावाचं नाव लिहून पाहू. ब्रेलच्या एका घरात दोन उभ्या ओळी, प्रत्येकीत तीन ठिपके. डावीकडचे वरून खाली १, २, ३ आणि उजवीकडचे ४, ५, ६. ‘ज’ म्हणजे २, ४, ५. ‘व’ म्हणजे १, २, ३, ६. ‘ळ’ म्हणजे ४, ५, ६, उजवीकडची आख्खी ओळ. काना ‘ळ’ला चिकटत नाही. त्याचं स्वतःचं घर, ३, ४, ५. चार घरांत जवळा झालं. मात्रा वर नाही, उकार खाली नाही, जसं बोलतो तसं एकापुढे एक.

जी मुलं या चार घरांपर्यंत पोचत नाहीत

इथवरचा इतिहास अनेक ठिकाणी वाचायला मिळतो. तो यशाचा इतिहास आहे. पण त्याच यशाने एक दार बंदही झालं. अंधशाळा म्हणजे ब्रेल, असं समीकरण बसलं. ज्याची बोटं ठिपका ओळखत नाहीत, ज्याला ऐकूही येत नाही, ज्याची मान सावरत नाही, ज्याला समजायला वेळ लागतो, तो ‘शिकण्यालायक नाही’ म्हणून घरी परत. अंधशाळा म्हणे याला ऐकू येत नाही, मूकबधिर शाळा म्हणे याला दिसत नाही. २०११च्या जनगणनेत देशात २ कोटी ६८ लाख अपंग व्यक्तींची नोंद झाली. त्यांत बहुविकलांग, म्हणजे एकाहून जास्त अपंगत्वं असलेले, २१ लाखांवर होते. या लेकरांसाठी आपल्या मोहल्ल्यात दोन वाक्यं ठरलेली असतात. ‘अल्लाहकी मर्जी’ आणि ‘देवाघरचं लेकरू’. दोन्ही प्रेमाने म्हटली जातात, आणि दोन्हींनंतर काही करायचं उरत नाही.

अशा मुलाला अक्षर शिकवण्याचा पहिला मोठा प्रयोग अमेरिकेत बोस्टनच्या अंधशाळेत झाला. १८३७ साली तिथे लॉरा ब्रिजमन ही सात वर्षांची मुलगी आली. तापाने तिचे डोळे आणि कान दोन्ही गेले होते. शाळेचे प्रमुख सॅम्युअल हाऊ यांनी चमचा, सुरी, किल्ली अशा रोजच्या वस्तूंवर उठावाच्या अक्षरांच्या चिठ्ठ्या चिकटवल्या. मुलगी वस्तू चाचपे, चिठ्ठी चाचपे. मग चिठ्ठ्या सुट्या करून तिच्या हातात दिल्या. काही दिवसांनी ती योग्य चिठ्ठी योग्य वस्तूवर ठेवू लागली. कित्येक दिवस ही नुसती नक्कल होती. मग एका क्षणी तिच्या ध्यानात आलं की ही चिठ्ठी म्हणजे किल्लीचं नाव आहे. मला इथे बगदादच्या पुठ्ठ्यातली कागदाची वळकटी आठवते. वस्तू आणि अक्षर बोटाखाली शेजारी-शेजारी ठेवायचं, हीच ती युक्ती. फरक इतकाच की इथे ती दुसऱ्याच्या हातात दिली गेली.

लॉराची हकीकत चार्ल्स डिकन्सने प्रवासवर्णनात लिहिली. ती वाचून हेलन केलरच्या आईला उमेद आली आणि १८८७ मध्ये ॲन सुलिव्हान हेलनच्या घरी पोचली. पुढची कथा शाळेच्या पुस्तकांमुळे सगळ्यांना माहीत आहे. हेलन केलर १९५५ साली भारतात आल्या होत्या, मुंबईलाही. तरी श्रवण-दृष्टिबाधित मुलांसाठी आपल्या देशात पहिली शाळा निघायला आणखी बावीस वर्षं गेली. १९७७ मध्ये बेरोज वाच्छा यांनी मुंबईत हेलन केलर इन्स्टिट्यूट सुरू केली. भारतातल्या या कामाची सुरुवात तिथे धरतात.

याच काळात हॉलंडमध्ये यान फान डाइक यांनी गोवरासारख्या रुबेला साथीमुळे जन्मतः श्रवण-दृष्टिबाधित झालेल्या मुलांबरोबर काम केलं. त्यांनी वस्तूलाच शब्द केलं. चमचा हातात आला म्हणजे जेवण, टॉवेलचा तुकडा म्हणजे आंघोळ. दिवसभरात जे होणार त्याच्या वस्तू ओळीने कप्प्यांत ठेवायच्या. काम झालं की वस्तू ‘झालं’च्या डब्यात टाकायची. मुलगा कप्प्यांवरून डावीकडून उजवीकडे हात फिरवतो, तेव्हा तो आपला दिवस वाचत असतो. ब्रेलची ओळही अशीच वाचायची असते.

हे सगळं महागडं वाटतं, पण नाही. आमच्या ओळखीत नऊ वर्षांची एक मुलगी आहे. दिसत नाही, हातपाय आखडलेले, चार-पाच शब्द बोलते. शाळेच्या हजेरीपटावर तिचं नाव आहे. तिच्या अम्मीने बुटांच्या चार खोक्यांचे कप्पे केले. तिसऱ्या कप्प्यात नानीच्या दुपट्ट्याची झालर असते. ज्या दिवशी झालर सापडते त्या दिवशी मुलगी दाराकडे तोंड करून हसते, कारण नानीकडे जायचं असतं.

जवळा बाजार नावातच बाजार घेऊन बसलेलं गाव आहे, आणि अशा मुलांच्या शिक्षणाचं सगळं सामान बाजारात मिळतं. तूर, ज्वारी, सोयाबीन वेगवेगळ्या वाट्यांत निवडायला दिलं की पेरांना बारीक फरक कळायला लागतो. ठिपके ओळखायच्या आधीची ही तयारी. अंड्याच्या ट्रेचा सहा खळग्यांचा तुकडा कापला की ब्रेलचं घर तयार. खळग्यांत गोट्या ठेवायच्या. पहिल्या खळग्यात एक गोटी म्हणजे ‘अ’. सरकीसकट कापसाचं बोंड, बारदानाचा तुकडा, वसमतकडच्या हळदीचं हळकुंड, सुतळी. खरी वस्तू पाहिजे, प्लास्टिकची प्रतिकृती नको. बोटभर प्लास्टिकची गाय बोटांना गाय वाटतच नाही. तिला ना ऊब, ना वास, ना जिभेचा खरखरीतपणा. चित्राभोवती दोरा चिकटवून केलेली फुगीर गायही तशीच. ती डोळसांची समजूत आहे.

आणखी एक गोष्ट. मुलाचा हात धरून वस्तूवर दाबायचा नाही. आपला हात खाली ठेवायचा, त्याचा वर. आपला हात हळूच वस्तूकडे नेला की त्याचा हात बरोबर येतो, आणि नको वाटलं तर तो काढून घेऊ शकतो. ज्याला दिसत नाही त्याचे हात हेच डोळे. कुणी आपली मुंडी धरून आपल्याला बघायला लावलं तर कसं वाटेल?

बाजारातून आणलेल्या वस्तूंचं पुस्तक करायचं. लग्नपत्रिकांच्या जाड पुठ्ठ्याची पानं, एका पानावर एक वस्तू शिवलेली, खाली ब्रेलमध्ये तिचं नाव. मुलीला ब्रेल येत नाही, मग नाव कशाला, असं कुणीही विचारेल. पण डोळस मूल वाचायला शिकतं त्याच्या कितीतरी आधीपासून अक्षरांत राहत असतं. बिस्किटाच्या पुड्यावर, एसटीच्या पाटीवर, मशिदीच्या कमानीवर, निवडणुकीच्या भिंतीवर. अक्षर नावाची काही चीज असते आणि ती काही सांगते, हे त्याला कुणी न शिकवता कळतं. अंध मुलाच्या बोटांना मात्र कुणी मुद्दाम ठेवल्याशिवाय आयुष्यात एकही अक्षर लागत नाही.

कायदा तसा या मुलांच्या बाजूने आहे. १९९५चा अपंग व्यक्ती कायदा आला, १९९९ मध्ये राष्ट्रीय न्यास कायद्यात बहुविकलांगांचा स्वतंत्र उल्लेख झाला, २०१२च्या दुरुस्तीने शिक्षण हक्क कायद्यात बहुविकलांग आणि तीव्र अपंगत्व असलेल्या मुलांना घरी शिकण्याचा हक्क मिळाला, आणि २०१६च्या कायद्याने अपंगत्वाचे २१ प्रकार मानले, त्यांत श्रवण-दृष्टिबाधा आली. पण घरी शिकण्याचा हक्क म्हणजे घरी शिकवायला कुणी येण्याचा हक्क. तो माणूस येत नसेल तर ते घरी बसवणंच झालं. गावातल्या पालकांनी याबद्दल शाळेत लेखी विचारावं. मकतब-मदरसे चालवणाऱ्या आपल्या मंडळींनीही विचारावं की अंध मूल दाखल झालं तर त्याला हिफ्ज करायला बसवण्याबरोबर सहा ठिपके कोण शिकवणार.

त्या मुलीच्या पुस्तकात हळकुंडाच्या पानावर काय लिहायचं यावर घरात वाद झाला. शाळेची भाषा मराठी, म्हणून अब्बा म्हणाले ‘हळद’. घरात दखनी, म्हणून अम्मी म्हणाली ‘हल्दी’. ब्रेलमध्ये ‘हळद’ तीन घरांत बसते, ‘हल्दी’ला जोडाक्षर आणि वेलांटीमुळे दोन घरं जास्त लागतात. शेवटी ब्रेल येणाऱ्या एका शिक्षकाकडून दोन्ही टोचून घेतले, एकाखाली एक. पान मुलीपुढे ठेवलं. तिने दोन्ही ओळींवरून हात नेला, हळकुंड सापडलं, ते हुंगलं, आणि दोरा तोडून सरळ तोंडात घातलं.